पाव आकाराचं इंजिन म्हणजे पाव इंजिन का?

खोक्यावर ठळक अक्षरांत 'वर्किंग मॉडेल' असं छापलेलं होतं. मोटारीचं चार सिलिंडरचं इंजिन, पारदर्शक प्लॅस्टिकचं, खऱ्याच्या पाव आकाराचं, घरी जोडायचं. जुलै महिना, बाहेर 45 अंश, शाळेला सुट्टी, आणि शारजातल्या दहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कोंडलेले आमचे आठ वर्षांचे चिरंजीव. खोकं घरी आलं नसतं तरच नवल.

तीन संध्याकाळी खपून आम्ही ते जोडलं. बटण दाबलं. पिस्टन वरखाली होऊ लागले, व्हॉल्व्ह उघडमीट करू लागले, स्पार्क प्लगच्या जागी लावलेले लाल दिवे लुकलुकले. चिरंजीवांनी दोन मिनिटं मन लावून पाहिलं आणि विचारलं, "आई, पण यात पेट्रोल कुठून घालायचं?"

पेट्रोल घालायचं नसतं. तळाशी एक छोटी मोटर आहे, ती बॅटरीवर फिरते आणि क्रँकशाफ्टला फिरवते.

"म्हणजे हे चालत नाही. याला चालवतात."

माझी पीएचडी ज्वलनावरची आहे, त्यामुळे हा शेरा मला जरा जास्तच लागला. खऱ्या इंजिनात पिस्टन क्रँकला ढकलतो, आमच्याकडे क्रँक पिस्टनला ढकलत होता. मग पुढचा प्रश्न आलाच: एवढ्याच आकाराचं, खरंच पेट्रोल जाळणारं इंजिन का नाही करता येत? त्याचं उत्तर देताना माझीच बरीच उजळणी झाली, म्हणून हा लेख.

आधी या प्लॅस्टिकच्या इंजिनाची बाजू घेते, कारण ते शिकवतं ते फार चांगलं शिकवतं. चार सिलिंडरच्या क्रँकशाफ्टला चार वळणं असतात. पहिली आणि चौथी एका बाजूला, दुसरी आणि तिसरी विरुद्ध बाजूला. म्हणून पिस्टन जोडीजोडीनं हलतात. एक आणि चार वर असले की दोन आणि तीन खाली. पण वर असलेल्या दोघांपैकी एकटाच कामाचा असतो, दुसरा धूर बाहेर टाकून रिकामा होत असतो. हवा आत घेणं, ती दाबणं, पेटवणं आणि जळालेली बाहेर टाकणं या चार खेपांना क्रँकचे दोन फेरे लागतात. म्हणून व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरायला हवा. कॅमच्या चाकाला क्रँकच्या चाकापेक्षा दुप्पट दाते का, हे मुलाला सांगावं लागलं नाही. त्यानं दाते मोजले, मग फेरे मोजले, आणि स्वतःच म्हणाला, "हा अर्धाच फिरतो." पुस्तकातल्या आकृतीत हे कळायला मला कॉलेजचं दुसरं वर्ष उजाडलं होतं.

आमची एक चूकही झाली. टायमिंग बेल्ट बसवताना तो तीन दाते पुढे सरकला. पिस्टन हवा दाबायला वर येत होता आणि त्याच वेळी एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडा राहत होता. खऱ्या गाडीत असं झालं तर इंजिन सुरूच होत नाही, आणि बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून तो वाकतो. दुरुस्तीचं बिल पाहून घाम फुटतो. आमचं इंजिन मात्र पहिल्याइतक्याच आनंदात फिरत होतं. ही चूक दुसऱ्या दिवशी, तीही योगायोगानं लक्षात आली. मोटरनं फिरवलेलं इंजिन कधीच तक्रार करत नाही, हा त्याचा मोठा दोष. त्यात दाबच निर्माण होत नसतो. प्लॅस्टिकच्या पिस्टनला रिंगा नाहीत, तो सिलिंडरमध्ये सैल हलतो आणि हवा बाजूनं निसटते.

दाब म्हणजे काय हे ज्यांनी गावाकडे विहिरीवरचं डिझेल इंजिन हँडल मारून चालू केलंय त्यांना ठाऊक असेल. नुसतं हँडल फिरवायला गेलं तर इंजिन तसूभर हलत नाही, कारण आत कोंडलेली हवा उलट रेटते. म्हणून डोक्यावरची एक कळ दाबून व्हॉल्व्ह उघडा धरायचा, हवा फुसफुसत जाऊ द्यायची, जड चाकाला चांगली गती आली की कळ सोडायची. व्हॉल्व्ह मिटतो, चाकातली गती हवेला करकचून दाबते, हवा इतकी तापते की फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं, आणि इंजिन धडधडायला लागतं. पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचं टीव्ही1 हे एका सिलिंडरचं इंजिन महाराष्ट्रातल्या कितीतरी इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रयोगशाळांत आहे. त्याच्या सिलिंडरचा व्यास 87.5 मिलिमीटर, पिस्टनची खेप 110 मिलिमीटर, म्हणजे 661 सीसी. मिनिटाला 1500 फेरे, आणि शक्ती 5.2 किलोवॅट. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

घरी दाब दाखवायला आम्ही सुईविना इंजेक्शनची सिरिंज वापरली. तोंड बोटानं गच्च दाबायचं आणि दट्ट्या आत ढकलायचा. एका ठिकाणानंतर तो पुढे जात नाही, आणि हात सोडला की मागे उसळतो. इंजिनाची दुसरी खेप ती हीच.

आता आकाराकडे. 'पाव आकार' म्हणजे नेमकं काय पाव? हिशोब सोपा व्हावा म्हणून असं धरू की खऱ्या गाडीच्या सिलिंडरचा व्यास 80 मिलिमीटर आणि खेपही 80 मिलिमीटर. चार सिलिंडर मिळून साधारण 1600 सीसी झाले, म्हणजे रस्त्यावर दिसणारी मध्यम गाडी. पाव केलं की व्यास 20 मिलिमीटर आणि खेप 20 मिलिमीटर. लांबी चौथ्या हिश्श्यानं उरली. पण पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ सोळाव्या हिश्श्यावर आलं, आणि आकारमान चौसष्टाव्या. म्हणजे 1600 सीसीचे उरले 25. एका सिलिंडरमध्ये जेमतेम सव्वा चमचा हवा.

हा 64 चा आकडा उलट्या दिशेनं पाहायचा असेल तर अमिरातीत राहणाऱ्यांना फार लांब जायला नको. अबू धाबीच्या दक्षिणेला, हमीमच्या वाटेवर, शेख हमद बिन हमदान अल नह्यान यांच्या गाड्यांचं एमिरेट्स नॅशनल ऑटो म्युझियम आहे. तिथे 1950 च्या दशकातल्या डॉज पॉवर वॅगनची एक प्रतिकृती उभी आहे, प्रत्येक बाजूनं चौपट. लांबी चौपट, म्हणजे आकारमान 64 पट. आत खोल्या आहेत. त्यांच्याच संग्रहातली हमर एच1 ची तिप्पट प्रतिकृती शारजातल्या ऑफ-रोड संग्रहालयात आहे. 14 मीटर लांब, 6.6 मीटर उंच. दोन मजली घरापुढे उभी राहावी तशी ती दिसते, आणि ती चालते.

पण ती कशी चालते हे पाहण्यासारखं आहे. तिच्यात हमरचं तिप्पट केलेलं एकच अजस्र इंजिन नाही. चार वेगवेगळी डिझेल इंजिनं आहेत, एकेका चाकाला एकेक. बनवणाऱ्यांच्या मनात काय होतं ते त्यांना ठाऊक, पण गणित त्यांच्या बाजूनं आहे. आणि गंमत म्हणजे आमच्या डायनिंग टेबलावरच्या इंजिनाची अडचण आणि हमरची ही युक्ती, दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. ती गोष्ट म्हणजे पिस्टनचा वेग.

पिस्टन एका फेऱ्यात एकदा वर आणि एकदा खाली जातो. किर्लोस्करच्या टीव्ही1 मध्ये एका फेऱ्यात दोन वेळा 110 मिलिमीटर, सेकंदाला 25 फेरे, म्हणजे सरासरी वेग सेकंदाला साडेपाच मीटर. आपली 1600 सीसीची गाडी शेख झायेद रोडवर 2400 फेऱ्यांनी शांतपणे जात असेल तर पिस्टनचा वेग सेकंदाला 6.4 मीटर. ती जीव खाऊन 6000 फेऱ्यांना पळवली तर 16 मीटर. आता जेबेल अलीला लागणाऱ्या महाकाय कंटेनर जहाजांच्या जातीतलं एक इंजिन घेऊ. 2006 साली समुद्रात उतरलेल्या एमा मर्स्क या जहाजावरच्या वॉर्टसिला-सुल्झर इंजिनाला 14 सिलिंडर आहेत, एकेकाचा व्यास 960 मिलिमीटर आणि खेप अडीच मीटर. सिलिंडरमध्ये माणूस उभा राहील. त्याचे फेरे मिनिटाला फक्त 102. पिस्टनचा वेग काढा: सेकंदाला साडेआठ मीटर.

म्हणजे विहिरीवरचं इंजिन, गाडी आणि जहाज यांच्या शक्तीत हजारोपटींचा फरक, फेऱ्यांत पन्नाससाठपटींचा फरक, पण पिस्टन साधारण एकाच चालीनं पळतात. असं का?

पाव इंजिनाचाच विचार करा. पिस्टनचा वेग तोच ठेवून सगळी मापं पाव केली. पिस्टनचं वस्तुमान चौसष्टावा हिस्सा झालं. पण आता त्याला पाव अंतरात थांबून उलटं फिरायचंय, म्हणून त्याचं त्वरण चौपट झालं. 64 नं कमी आणि 4 नं जास्त, म्हणजे बल सोळाव्या हिश्श्यावर आलं. ते बल पेलणाऱ्या कनेक्टिंग रॉडची जाडीही क्षेत्रफळात सोळावा हिस्साच उरली आहे. म्हणजे धातूवरचा ताण जिथल्या तिथे. आकार कितीही बदला, धातू किती ताण सोसेल हे पिस्टनच्या वेगावरून ठरतं. पोलाद आणि ॲल्युमिनियम लहानथोर पाहत नाहीत. मला हा हिशोब विलक्षण आवडतो, कारण यात इंजिनाचा प्रकार, इंधन, कंपनी, काहीच येत नाही.

याचे दोन परिणाम होतात. एक, लहान इंजिन झपाट्यानं फिरतं, फिरावंच लागतं. आपल्या पाव इंजिनाला गाडीच्या 6000 फेऱ्यांची बरोबरी करायची तर 24,000 फेरे हवेत. रेसच्या छोट्या मॉडेल गाड्या डासासारख्या किंचाळतात ते यामुळे. दुसरा परिणाम शक्तीचा. पिस्टनवरचा दाब तोच, वेग तोच, म्हणून शक्ती फक्त माथ्याच्या क्षेत्रफळाप्रमाणे कमी होते, सोळाव्या हिश्श्यानं. वजन मात्र चौसष्टाव्या हिश्श्यावर आलेलं असतं. म्हणजे दर किलोमागे लहान इंजिन चौपट ताकदवान! हमरचं इंजिन तिप्पट केलं असतं तर उलटं झालं असतं: शक्ती 9 पट, वजन 27 पट. त्यापेक्षा चार बेताची इंजिनं बरी. हाडं आकाराच्या प्रमाणात जाड करून भागत नाही, हे गॅलिलिओनं 1638 च्या ग्रंथात लिहून ठेवलं होतं. इंजिनांना तेच लागू.

कागदावर सगळं झकास आहे. 1600 सीसीची गाडी 80 किलोवॅट देत असेल तर तिच्या पाव इंजिनानं 5 किलोवॅट द्यायला हवेत, अख्ख्या टीव्ही1 एवढे, तेही तळहातावर मावून. प्रत्यक्षात त्याच्या निम्मे मिळाले तरी नशीब समजायचं. कारण आपण मापं पाव केली, पण काही गोष्टी आपलं ऐकत नाहीत. त्या लहान होतच नाहीत.

पहिली गोष्ट फट. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात केसाच्या जाडीपेक्षाही बारीक जागा ठेवावी लागते. चांगल्या लेथवर समजा मिलिमीटरचा पन्नासावा हिस्सा साधता येतो, तर तो मोठ्या इंजिनालाही तेवढाच आणि लहानालाही तेवढाच. फट तशीच राहिली आणि हवा मात्र 64 पट कमी झाली. परीघ चौथा हिस्सा उरला हे जमेला धरलं तरी हवेच्या मानानं गळती 16 पट झाली. म्हणून लहान इंजिनांत बऱ्याचदा रिंगांची भानगडच नसते. पितळेच्या सिलिंडरला आतून क्रोमचा मुलामा, त्यात ॲल्युमिनियमचा पिस्टन, आणि सिलिंडर वरच्या टोकाला किंचित अरुंद. थंड असताना पिस्टन वर गेला की अडकल्यासारखा वाटतो आणि नवखा माणूस घाबरतो. इंजिन तापलं की पितळ ॲल्युमिनियमच्या सोबतीनं पसरतं आणि हवी तेवढीच फट उरते. एका सिलिंडरची अशी इंजिनं हातात घेऊन फिरवून पाहिली की कारागिराला नमस्कार करावासा वाटतो.

दुसरी गोष्ट उष्णता. लहान सिलिंडरमध्ये हवेच्या मानानं भिंत चौपट. मोठं पातेलं आणि छोटी वाटी, दोन्हींत उकळता चहा ओतला तर वाटीतला आधी निवतो, तसंच. पण इथे एक पोटकलम आहे आणि तेच मला सगळ्यात मनोरंजक वाटतं. इंजिन चौपट वेगानं फिरत असेल तर उष्णतेला पळून जायला वेळही पाव मिळतो. भिंत चौपट, वेळ पाव, हिशोब जवळजवळ फिटला. पूर्ण फिटत नाही, तरी इंजिन तगून राहतं. गळतीचंही तसंच, वेगात 16 पटींची ती 4 पटींवर येते. म्हणजे लहान इंजिन एकदा पळायला लागलं की बऱ्यापैकी पळतं. अडचण आहे ती सुरू करायची. सुरू करताना आपण दोरी ओढतो नाहीतर स्टार्टर लावतो, तेव्हा फेरे कमी असतात, उष्णतेला भरपूर वेळ असतो, हवेला गळायला भरपूर वेळ असतो, आणि भिंती थंडगार असतात. विहिरीवरचं इंजिन जे दाबून तापवून पेटवतं, ते या वाटीएवढ्या जागेत साधत नाही. दाबलेली हवा पेटण्याइतकी तापायच्या आत निवते आणि निसटते.

तिसरी गोष्ट ज्वाला, माझ्या अभ्यासातली. ज्वालेला स्वतःची जाडी असते. थंड भिंतीच्या फार जवळ ती जगू शकत नाही, भिंत तिची उष्णता शोषून घेते. पेट्रोलसारख्या इंधनाची वाफ आणि हवा यांची ज्वाला नेहमीच्या वातावरणीय दाबाला साधारण 2 मिलिमीटरपेक्षा अरुंद फटीतून पुढे सरकत नाही, विझते. हम्फ्री डेव्हीनं 1815 मध्ये कोळशाच्या खाणीसाठी केलेला कंदील याच तत्त्वावर होता. दिव्याभोवती बारीक तारेची जाळी लावली की आतली ज्वाला जाळीच्या भोकांतून बाहेर येऊन खाणीतला वायू पेटवू शकत नाही. आता पाव इंजिनात डोकावू. पिस्टन अगदी वर आला, हवा दहा पट दाबली गेली, तेव्हा तिला उरलेली जागा म्हणजे 20 मिलिमीटर व्यासाची आणि जेमतेम सव्वादोन मिलिमीटर जाडीची चकती. एकावर एक ठेवलेली दोन नाणी! त्या चकतीतला कुठलाही बिंदू घ्या, थंड धातू त्याच्यापासून फार तर मिलिमीटरभर लांब. दाब वाढला की ज्वाला पातळ होते, त्यामुळे ती तिथे जगते खरी, पण भिंतीलगतचा थर न जळताच राहतो. मोठ्या सिलिंडरमध्ये तो थर नगण्य असतो, इथे तो चकतीचा भलामोठा वाटा खातो.

कार्बुरेटरचीही कथा तीच. पेट्रोलचा थेंब स्वतःला पाव करत नाही. बारीक नळीत तो भिंतीला चिकटून बसतो.

मग खरोखर जळणारी छोटी इंजिनं कशी चालतात? कारण ती आहेत. छोटी, धातूची, एक सिलिंडरपासून चार आणि आठ सिलिंडरपर्यंत, काही सुटे भाग जोडायच्या किटच्या रूपात. चीनमधून सर्रास येतात. त्यांतल्या बहुतेकांच्या पोटात पेट्रोल नसतं आणि स्पार्कही नसतो. त्यांना लागतो ग्लो प्लग. रे आर्डन या अमेरिकी माणसानं 1947 च्या सुमारास तो बाजारात आणला आणि मॉडेलच्या छंदाचं रूपच पालटलं. दिसायला छोटा स्पार्क प्लग, पण आत ठिणगीच्या फटीऐवजी प्लॅटिनमच्या तारेचं वेटोळं. सुरू करताना दीड व्होल्टच्या सेलनं ती तार लाल करायची. इंधन म्हणून घालायचं मिथेनॉल. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर मिथेनॉलची वाफ आणि ऑक्सिजन यांची प्रक्रिया सहज होते, आणि त्यातून निघालेली उष्णता तारेला लाल ठेवते. इंजिन धावू लागलं की सेल काढून घ्यायचा. तार स्वतःच्या जिवावर तापत राहते, प्रत्येक फेरीत. एवढ्याशा वस्तूत बॅटरी, कॉइल, वायरिंग सगळ्यांची सुट्टी! (स्पार्कवर चालणारी छोटी इंजिनंही असतात, पण तो निराळा आणि महागडा संसार.)

मिथेनॉल निवडण्यामागे आणखी कारण आहे. एक किलो पेट्रोल जाळायला 14.7 किलो हवा लागते, मिथेनॉलला 6.4 किलो. म्हणजे तेवढ्याच हवेत दुपटीहून जास्त मिथेनॉल घालावं लागतं. त्याचं बाष्पीभवन होताना ते भरपूर उष्णता शोषतं, त्याच हवेमागे पेट्रोलच्या जवळजवळ सातपट. इंजिन आतून थंड राहतं आणि मिश्रण थोडं कमीजास्त झालं तरी चालून जातं. त्यात थोडं नायट्रोमिथेन घालतात, ज्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. आणि वंगणासाठी 15 ते 20 टक्के तेल, बऱ्याचदा चक्क एरंडेल. एरंडेल जळताना जो वास येतो तो एकदा घेतला की विसरत नाही.

मॉडेलवाल्यांचं एक 'डिझेल' इंजिनही असतं, पण त्यात डिझेल नसतं. रॉकेल, एरंडेल आणि ईथर. ईथर फार कमी तापमानाला आपोआप पेटतं, म्हणून वाटीएवढ्या जागेत हवा दाबून ते पेटवता येतं. तरीही दाब कमीजास्त करायला डोक्यावर एक स्क्रू ठेवावा लागतो.

हे सगळं ऐकल्यावर चिरंजीवांचा पुढचा प्रश्न ठरलेला होता: "मग आपण ते मागवूया?"

आमच्या घरी त्याचं उत्तर 'नाही' असं आहे, आणि ते का, हे जरा स्पष्ट सांगते, कारण इथल्या फ्लॅटमध्ये राहणारे अनेक हौशी आईबाबा हाच विचार करत असणार. मिथेनॉलची ज्वाला उजेडात जवळजवळ दिसत नाही. सांडलेलं पेटलं तर कळतं ते चटका बसल्यावर. मिथेनॉल विषारी आहे, कातडीतूनही शरीरात जातं, आणि पोटात गेलं तर डोळे जाऊ शकतात. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. बाल्कनी अर्धी उघडी असली आणि एसीसाठी दारं बंद असली तरी ती ही खोली नव्हे. आवाज तर असा की वॉचमन वर यायच्या आधी शेजारी येतील. शिवाय हे इंधन ज्वालाग्राही द्रव आहे, विमानाच्या सामानात नेता येत नाही. भारतात जाताना किंवा येताना 'छोटी बाटली आहे, काय होतंय' म्हणून बॅगेत घालू नका. ज्याला हे करायचंच आहे त्यानं उघड्या मैदानावर, जाणकार माणसाबरोबर, हातात अग्निशामक घेऊन करावं. आठ वर्षांच्या मुलाचं ते खेळणं नव्हे.

आणि जुलैत तर नाहीच. 45 अंशांची हवा 15 अंशांच्या हवेपेक्षा दहा टक्क्यांच्या आसपास विरळ असते. ऑगस्टच्या दमट दिवसांत वाफेनं हवेची आणखी चार टक्के जागा अडवलेली असते. तेवढा ऑक्सिजन कमी, तेवढी शक्ती कमी. इंधनाची सुई हिवाळ्यातल्या जागी राहिली तर मिश्रण गच्च होतं. मोठ्या गाडीत हे सगळं संगणक निमूटपणे सांभाळतो. छोट्या इंजिनात संगणक म्हणजे आपली बोटं आणि कान.

तेव्हा सध्या आमचं प्लॅस्टिकचंच बरं. बेल्ट परत काढून, क्रँकवरची खूण आणि कॅमवरची खूण जुळवून बसवला. यावेळी बटण दाबायच्या आधी बॅटरी काढून ठेवली आणि हातानं क्रँक फिरवत एकेका सिलिंडरची चारही कामं मोठ्यानं म्हणायची असा नियम केला: घे, दाब, पेटव, टाक. पहिला सिलिंडर 'पेटव' म्हणत असताना तिसरा 'दाब' म्हणायला हवा, मग चौथा, मग दुसरा. चार सिलिंडरना चार माणसं लागतात. व्हिडिओ कॉलवर सोलापूरहून आजोबा चौथा सिलिंडर झाले होते आणि त्यांचं 'टाक' दर वेळी उशिरा येत होतं. मुलाच्या मते त्यांचा बेल्ट सरकला होता.

खोक्यावरच्या 'वर्किंग मॉडेल'च्या खाली आता स्केच पेननं 'बॅटरीवर' असं लिहिलेलं आहे. हवा जरा निवली की नोव्हेंबरात अबू धाबीच्या त्या डॉजकडे जायचं ठरलंय. जाताना मोजायची टेप न्यायची आहे. चौपट म्हणतात ते चाकापासून दाराच्या कडीपर्यंत सगळंच चौपट आहे का, की काही गोष्टी तिथेही मोठ्या व्हायला तयार झाल्या नाहीत, हे त्याला मोजून बघायचंय.